साध्या पाण्याची लाल नळी

मुलं माझ्या पाठीमागे मला ‘सीआयडी’ म्हणत. हे मला नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळलं होतं, पण कळल्याचं मी त्यांना कधी कळू दिलं नाही. महाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त झाले, तरी खोड गेलेली नाही. भाजीवाली म्हणाली की भेंडी आजची आहे, तर मी शेंडा मोडून बघते. दूधवाल्याने सांगितलं की म्हैस तीच आहे, तर मला वाटतं, मग हे आपणहून कशाला सांगतोय? आमचे हे म्हणतात, तुझ्याशी नुसतं जेवणाबद्दल बोललो तरी जबानी दिल्यासारखं वाटतं. म्हणोत बापडे. माझ्या धंद्याला संशय लागतोच.

प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे काय असते, ते ज्यांनी विज्ञान घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडची मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. कोणी पोलादपूरहून येणारं, कोणी वरंधच्या बाजूचं, कोणी थेट डोंगरावरून उतरून मावशीकडे किंवा मामाकडे राहणारं. अकरावीला विज्ञान घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत. पोरं भांबावून जातात. मग लेखी परीक्षेत जे हुकेल ते प्रात्यक्षिकात भरून काढायचं, असा सगळ्या महाराष्ट्राचा अलिखित करार असतो. प्रयोगाचं उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. मुलं ते आधी पाठ करतात, मग प्रयोग करतात. प्रयोगात काही वेगळं आलं, तर चूक प्रयोगाची. बाहेरून आलेले परीक्षक चहा घेतात, वह्या चाळतात, चांगले गुण देतात आणि संध्याकाळच्या आत घरी जातात.

हे मला पटायचं नाही. एकदा कांद्याच्या मुळाच्या टोकावर पेशींचं विभाजन बघण्याचं प्रात्यक्षिक होतं. वर्गाने अशी सुरेख चित्रं काढली की छापायला द्यावीत. गुणसूत्रं अगदी रांगेत उभी. मी प्रत्येकाच्या वहीवर सही करत शेवटच्या टेबलापर्यंत गेले आणि सहज त्या मुलाच्या सूक्ष्मदर्शकात डोकावले. आत काळोख होता. दिवाच गेलेला. तो मुलगा तासभर त्या काळोखात डोळा घालून बसला होता आणि विभाजनाच्या सगळ्या अवस्था काढून मोकळा झाला होता. मी विचारलं, “हे तुला कुठे दिसलं?” तो म्हणाला, “बाई, मघाशी दिसलं. नंतर गेलं.” मला हसू आलं आणि भीतीही वाटली. हाच मुलगा उद्या कुठेतरी पाणी तपासेल, औषध तपासेल, आणि असंच सांगेल.

त्या दिवसापासून मी छान दिसणाऱ्या वह्यांकडे जास्त वेळ बघू लागले. फार जुळून आलेलं दिसलं की माझ्या मनात पाल चुकचुकायची.

अंकिता शेलार माझ्या वर्गात आली ती महाडला मोठा पूर येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी. तिचं गाव कुडपण, पोलादपूरच्याही वर, डोंगराच्या माथ्यावर. महाडला मावशीकडे राहायची आणि शनिवारी एसटीने पोलादपूर, पुढे जीप, असं करत घरी जायची. वर्गात ती फारसं बोलायची नाही. तिच्याकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते तिच्या वडिलांमुळे.

एका सोमवारी सकाळी एक उंच, वाळकासा गृहस्थ स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीचं तोंड सुतळीने करकचून बांधलेलं.

“तुमीच का सायन्सच्या बाई?”

“हो. बसा ना.”

“बसाया नाय आलो. आंकीचा बापूस मी. ह्याचा वास घ्या.”

त्याने सुतळी सोडली आणि आतून ओढणी काढून माझ्यापुढे धरली. स्पिरिटचा वास आला. पोरगी शनिवारी घरी गेली, आईने ओढणी धुवायला घेतली, वास आला, आणि घरात रामायण झालं. बापाने ओढणी धुऊ दिली नाही. वास उडून जाऊ नये म्हणून पिशवीत बांधून दोन दिवस जपून ठेवली आणि सोमवारी पहिल्या गाडीने घेऊन आला. मला त्या माणसाबद्दल तिथल्या तिथे आदर वाटला. पुरावा कसा राखायचा हे माझ्या कित्येक सहकाऱ्यांना कळत नव्हतं.

“स्पिरिटचा वास आहे हा,” मी म्हटलं. “प्रयोग करताना सांडलं असेल.”

“स्पिरिट म्हंजे दारूच ना?”

“प्यायची नाही. पण कूळ तेच.”

“मंग पोरींच्या हातात देता कशाला?”

“बीटला पाजायला.”

मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. चेहरा ताठ झाला. “बाई, मी माळकरी माणूस हाय. लोकं आताच बोलाय लागलीत, पोरगी म्हाडला राहून काय करते म्हणून. मला नीट सांगा, नायतर मी तिला आज घेऊन जातो.”

ते तसं करणार हे त्यांच्या आवाजावरून दिसत होतं. मी अंकिताला बोलावून घेतलं आणि दोघांना प्रयोगशाळेत नेलं. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी एक ताजं बीट घेतलं, त्याच्या सारख्या आकाराच्या चकत्या कापल्या आणि नळाखाली धुवायला लागले. पाणी लाल व्हायचं थांबेपर्यंत धुतल्या.

“एवढं कशापायी धुता?” त्यांनी विचारलं.

“सुरीने ज्या पेशी कापल्या गेल्या, त्यांचा रंग वाहणारच. तो आधी काढून टाकायचा. नाहीतर सुरीने केलेलं दारूच्या नावावर जाईल.”

हे त्यांना आवडलं. स्टूल ओढून ते बसले. मी एका नळीत साधं पाणी घेतलं, बाकीच्यांत चढत्या ताकदीचं स्पिरिट घेतलं, प्रत्येकीत एक एक चकती सोडली आणि आम्ही वाट बघत बसलो. मी त्यांना सांगितलं की बीटचा रंग म्हणजे नुसतं रंगवलेलं लाकूड नव्हे. प्रत्येक पेशीत एक इवलीशी पिशवी असते आणि रंग त्या पिशवीत कोंडलेला असतो. पिशवीभोवती पातळ पापुद्रा, पेशीभोवतीही तसाच पापुद्रा. पेशी जिवंत आहे तोवर हा पापुद्रा पाण्याला ये-जा करू देतो, पण रंगाला बाहेर सोडत नाही. पापुद्रा बराचसा स्निग्ध पदार्थाचा बनलेला. अल्कोहोल त्या स्निग्धात घुसतं, त्याची घडी विस्कटतं, आणि पापुद्रा झिरपायला लागतो. जितकं अल्कोहोल कडक, तितका रंग जास्त बाहेर.

अर्ध्या तासाने पाण्याची नळी जवळजवळ स्वच्छ होती, त्यापुढच्या नळ्या पायरीपायरीने लाल होत गेल्या होत्या आणि शेवटची कोकम सरबतासारखी झाली होती. अंकिताचे वडील खाली वाकून एकेका नळीपाशी डोळा नेत होते.

“म्हंजे गोठ्याच्या राखनदाराला पाजली,” ते म्हणाले. “ढोरं आपसूक भायेर.”

इतकं सोपं मला इतक्या वर्षांत कधी सांगता आलं नव्हतं. पुढे तोच दृष्टान्त मी आपल्या नावावर वर्गात वापरला.

“पन ही पान्याची नळी कशाला ठिवली? हिच्यात तर कायच झालं नाय.”

“काही झालं नाही हेच तर दाखवायचं असतं. पाण्यात रंग आला नाही, म्हणून मग म्हणता येतं की रंग काढला तो दारूनेच.”

त्यांनी पाण्याची नळी पुन्हा एकदा निरखली. मग मुलीकडे वळून म्हणाले, “आंके, आयकलंस ना गो? डोल्यांनी दिसंल तेवढंच लिवायचं. दुसरं काय नाय लिवायचं.” ओढणी तिच्या हातात देऊन म्हणाले, “ही आता धू.” आणि निघाले. दारात थांबून मला सांगून गेले की तिला नर्सिंगला जायचं आहे, बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळाला तर शिकू देईन, नाही मिळाला तर वर घरी यायचं, हे आमचं ठरलेलं आहे. दर वर्षी अर्ज करत बसण्याइतका धीर त्यांच्याकडे नव्हता आणि तसं ते स्पष्ट बोलले. त्यामुळे त्या मुलीचा एकेक गुण कशासाठी होता, हे मला पक्कं माहीत होतं.

आता आमच्या फ्रीजबद्दल सांगायला हवं. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर. पुरात सगळं गेलं. सूक्ष्मदर्शकांत चिखल, काचेच्या बरण्यांतले बेडूक कुठल्या कुठे. जुना फ्रीज आडवा पडलेला सापडला. नंतर मदतीचा ओघ सुरू झाला, तेव्हा एका भल्या आइस्क्रीमवाल्याने आपली जुनी, वरून झाकण उघडायची पेटी आम्हाला दिली. झाकणावर अजून कोनाची चित्रं होती. आमचे प्रयोगशाळा परिचर मोरेमामा त्या पेटीवर फार खूश. रोज पुसायचे. त्यांच्या दृष्टीने तो फ्रीजच होता, आणि मोठा, म्हणजे जास्त चांगला.

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. त्या बॅचला मुख्य प्रयोग बीटचाच होता. परीक्षक म्हणून दुसऱ्या तालुक्यातले साळवीसर आले होते, सभ्य आणि मितभाषी गृहस्थ. मुलं कामाला लागली. मी फिरत होते. बेसिनमधलं पाणी मला जरा जास्तच लाल वाटलं. सुऱ्या बोथट झाल्या असतील अशी मी समजूत करून घेतली, पण ती समजूत काही पक्की बसेना.

वेळ संपली, उत्तरपत्रिका गोळा झाल्या. मुलं टेबलांपाशीच थांबली होती, एकेकाला तोंडी परीक्षेला बोलवायचं होतं. साळवीसर तपासायला बसले, मी शेजारी.

“बॅच छान आहे हो, बाई,” ते म्हणाले. “सगळ्यांची निरीक्षणं अगदी व्यवस्थित.”

खरंच व्यवस्थित होती. पाण्यात रंग नाही, पुढे थोडा, आणखी थोडा, शेवटी गडद. एकामागून एक पानं तशीच. मग त्यांचा हात थांबला. अंकिताची उत्तरपत्रिका होती. तिने लिहिलं होतं की पाण्यासकट सगळ्या नळ्यांत सारखाच गडद रंग आहे. खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत निष्कर्ष होता: पाण्यातही रंग आल्यामुळे अल्कोहोलचा परिणाम यावरून सांगता येत नाही.

“हिने चकत्या धुतल्याच नाहीत,” साळवीसर म्हणाले आणि निरीक्षणाच्या रकान्यापुढे शून्य घातलं. निष्कर्षापुढे दुसरं. मग तिला बोलावलं.

“चकत्या धुतल्या होत्यास?”

“धुतल्या, सर.”

“मग पाण्यात रंग कुठून आला?”

“म्हाईत नाय, सर. धुतल्या तरी येतच राह्यला.”

“बाकीच्यांना तर नाही आला.”

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझा पहिला संशय तिच्यावरच गेला. घाबरलेली पोर, धुवायचं राहिलं असेल. पण पाण्यात रंग येता कामा नये हे ती स्वतःच्या बापाशेजारी उभी राहून शिकली होती. उत्तर तिला पाठ होतं. खोटं लिहायचंच असतं तर ते छान जुळलेलं लिहिता आलं असतं. शून्य मिळवायला कोणी खोटं लिहीत नाही.

मी उठले आणि तिच्या टेबलापाशी गेले. पाण्याची नळी लाल होती, तिने लिहिलं होतं तशीच. मग शेजारच्या मुलाचा स्टँड बघितला. त्याचीही पाण्याची नळी लाल. त्याच्या उत्तरपत्रिकेत तिथे रंग नव्हता. पलीकडची लाल. त्यापलीकडचीही लाल. एका टेबलावर मात्र पाणी स्वच्छ दिसलं, आणि क्षणभर मला हायसं वाटलं. मग नळी उचलून उजेडाकडे धरली. आतली चकती पांढरट पडलेली होती, सगळा रंग गेलेला. पाणी स्वच्छ आणि चकती रिकामी, मग रंग गेला कुठे? त्या मुलाने लाल पाणी बेसिनमध्ये ओतून नळाचं ताजं पाणी भरून ठेवलं होतं. माझ्याकडे बघायचं टाळत तो पेन झटकत होता. अशा आणखी दोन-तीन नळ्या निघाल्या.

ट्रेमध्ये एक बीट उरलं होतं. अंगठ्याने दाबलं तर अंगठा आत गेला आणि लाल पाणी मनगटावर आलं.

“मोरेमामा, हे बीट कधी आणलंत?”

“परवाच. बाजारात चांगलं दिसलं. परीक्षेच्या दिवशी ताजं मिळेल न मिळेल म्हणून आधीच आणून ठेवलं.”

“कुठे ठेवलंत?”

“पेटीत. गारव्याला. सकाळी काढून पाण्यात घातलं होतं जरा, मऊ पडायला.”

मी पेटीचं झाकण उघडलं. तळाशी एक बीट विसरून राहिलं होतं. ते काढून टेबलावर ठेवलं तर दगडासारखा आवाज झाला. मोरेमामांचा चेहरा उतरला. त्या माणसाने जीव लावून जपणूक केली होती. पण गोठलं की पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो, त्याचे स्फटिक पापुद्रे फाडतात, आणि वितळलं की रंग धरून ठेवायला काही उरत नाही. अल्कोहोल घाला नाहीतर नुसतं पाणी घाला. आमच्या परीक्षेतल्या प्रत्येक बीटचा राखणदार आदल्या दिवशीच मेलेला होता.

हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, आणि पहिला अर्धा मिनिट तो झालाही. मग लक्षात आलं की अंकिता खरी ठरवायची म्हणजे बाकीची सगळी बॅच खोटी ठरवायची. ती मुलंही माझीच. त्यांना मीच शिकवलेलं. परीक्षकांपुढे उभं राहून सांगायचं की माझ्या वर्गातल्या एकीला सोडून सगळ्यांनी न बघता लिहिलं आहे.

तेवढ्यात प्राचार्य चहाची व्यवस्था बघायला आले. माझा चेहरा बघून त्यांनी मला बाहेर घेतलं. मी सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. हळूच म्हणाले, “बाई, एका मुलीसाठी एवढी मोहोळं कशाला उठवता? साळवीसरांना सांगून तिला तोंडी परीक्षेत भरून देऊ. कोणाचंच नुकसान नाही.”

सोय अगदी चांगली होती. इतकी चांगली, की मला तिचाच संशय आला. गुण तिला मिळाले असते, पण उत्तरपत्रिकेवर तिने बघितलेल्या गोष्टीपुढे शून्य तसंच राहिलं असतं आणि न बघितलेल्यांपुढे पूर्ण गुण. ती मुलगी तेवढंच शिकून गेली असती. मी आत गेले.

“सर, जरा नळ्या बघून घेता?”

“तपासणी संपवतो, मग बघतो.”

“तपासणी नंतर करा. आधी नळ्या बघा.”

माझा आवाज चढला असावा, कारण दप्तरं आवरणारी मुलं थांबली. साळवीसर उठले. पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत गेले. एक नळी खिडकीपाशी धरून बराच वेळ बघितली. परत येऊन त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे ही एकटीच बरोबर?”

“ही एकटी.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांना पुस्तक पाठ आहे.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “आता काय करू म्हणता? सगळ्यांना शून्य देऊ?”

“बीट खराब होतं, ती आमची चूक आहे. ताजं मागवते. पुन्हा करू दे सगळ्यांना. आणि या वेळी आपण दोघं नळ्या बघत फिरू.”

साळवीसरांनी घड्याळ बघितलं, मग अंकिताकडे बघितलं आणि होकार दिला. तिच्या पुढची दोन्ही शून्यं त्यांनी स्वतःच्या हाताने खोडून सही केली. मोरेमामा वय विसरून बाजारात धावले. ताजी, कडक बीटं आली. चकत्या कापल्या, धुतल्या, पुन्हा अर्धा तास वाट बघितली. या खेपेला पाणी स्वच्छ राहिलं आणि रंग जसा चढायला हवा तसाच चढला. सगळ्यांनी लिहिलं. कोणाचा एकही गुण गेला नाही. अंकिताला पैकीच्या पैकी मिळाले.

साळवीसर जाताना मला म्हणाले, “बाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी प्रयोग तपासला.” मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो मी लपवलाही नाही. घरी जाऊन ह्यांना दोनदा सगळी हकिकत सांगितली.

पण या सगळ्यात दुपारची पोलादपूरची गाडी गेली होती. पुढची संध्याकाळी. बॅचमधली निम्मी मुलं त्याच बाजूची. भुकेली, कंटाळलेली मुलं पायऱ्यांवर बसून होती आणि अंकिता एकटी फाटकापाशी उभी होती. एक मुलगी तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आंकीला गप सगळ्यांसारखं लिवता येत नव्हतं का? बसा आता हिच्यामुळे.” मी तिकडे बघितल्यावर ती थांबली. माझ्यासमोर थांबली, एवढाच त्याचा अर्थ, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आपण जिंकलो आहोत अशा समजुतीत मी होते, म्हणून मी तिकडे फार लक्ष दिलं नाही.

काही दिवसांनी त्यांची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. त्या परीक्षेशी माझा संबंध नव्हता. मी बाजारातून येत होते, तर एसटी स्टँडवर अंकिता दिसली. दप्तर पोटाशी धरून बाकावर बसलेली. आता तिच्या शेजारी वर्गातल्या दोघी होत्या आणि तिघी मिळून शेंगदाणे खात होत्या. मला बघून ती उठून आली.

“कसा गेला गो पेपर?”

“चांगला गेला, बाई.”

फार पटकन म्हणाली.

“रीडिंग बरोबर आलं?”

“आलं ना.”

“तुझं आलं?”

तिने मागे मैत्रिणींकडे बघितलं. त्या बोलण्यात गुंतल्या होत्या. मग खालच्या आवाजात म्हणाली, “माजं येगळंच येत व्हतं, बाई. सारखं येगळं. मंग शेजारनीचं बघितलं नि तेच लिवलं.”

“अगं, का? सरांना सांगायचंस. परत करू दिलं असतं त्यांनी.”

“मंग परत सगळ्यांची गाडी चुकली आसती,” ती म्हणाली. “नि तुमाला परत माज्यासाठी सगळ्यांशी भांडाया लागलं आसतं.”

यात कुठेही चोरटेपणा नव्हता. मला त्रास नको म्हणून ती मनापासून सांगत होती. आपण शहाण्यासारखं वागलो, हे बाईंना पटेल, अशीच तिची अपेक्षा होती. तेवढ्यात पोलादपूरची गाडी लागली. मैत्रिणींनी तिच्यासाठी खिडकीतून दप्तर टाकून जागा धरली होती. ती हसत चढली आणि खिडकीतून मला हात केला.

रसायनशास्त्रातही तिला पैकीच्या पैकी मिळाले. नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिचे वडील तूप घेऊन आले होते, तेव्हा दारातच म्हणाले, “बाई, पोरीनं खरं लिवलं म्हनून झालं सगळं.” मी तूप घेतलं आणि आत ठेवलं.

आता ती मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात आहे. रात्रंदिवस ताप बघते, नाडी मोजते, रक्तदाब घेते आणि रुग्णाच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर आकडे लिहिते. दिवाळीला न चुकता फोन करते. मी कामाचं विचारते, जेवणाचं विचारते, लग्नाचं विचारते. ते आकडे ती बघून लिहिते का, एवढं मात्र मी अजून तिला विचारलेलं नाही.